सोळा तासांचा उपास आणि सहाची पीटी



गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळची पीटी चालू होती. तिसऱ्या फेरीत बारावीतला एक कॅडेट धावता धावता थांबला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि मग सरळ मैदानावर बसला. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर गार घाम होता. दोघांनी धरून त्याला एमआय रूममध्ये नेलं. नर्सिंग असिस्टंटने त्याला आडवं केलं, पाय उंच ठेवले, थोड्या वेळाने ओआरएस दिलं. डॉक्टर आले. त्यांनी रक्तातली साखर तपासली, झोपवून आणि उभं करून रक्तदाब पाहिला.

मी विचारलं, "अरे, काल रात्री काय जेवलास?"

तो लातूरकडचा मुलगा. माझ्याशी नेहमी मराठीत बोलतो. खाली बघत म्हणाला, "काही नाही सर. दुपारी दोनला जेवलो, तेवढंच."

म्हणजे दोन ते सहा, बरोबर सोळा तास. रात्री तो मेसमध्ये बसला होता, पण ताटातलं सगळं शेजारच्याला देऊन उठला होता. तीन आठवडे हेच चाललं होतं. रविवारी वजन करायचं म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा तो घोटभरच प्यायला होता. एनडीएच्या मेडिकलमध्ये वजन आडवं येईल, ही धास्ती त्याच्या मनात बसली होती.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"सर, तुम्हीच करता ना. सोळा-आठ."

यावर मला उत्तर सुचलं नाही. तीन महिन्यांपासून मी खरोखरच हा उपास करत होतो. सकाळी आठला सगळा हाऊस नाश्त्याला बसायचा, तेव्हा मी समोर कोऱ्या चहाचा कप घेऊन बसायचो. कुणी विचारलं तर कौतुकाने सांगायचो. ज्याचं शरीर अजून वाढतं आहे असा एखादा मुलगा माझ्याकडे बघतो आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. म्हणून हा लेख. यात शास्त्र आहे, माझा अनुभव आहे आणि थोडी परतफेडही आहे.

हा उपास म्हणजे नेमकं काय?

इंटरमिटंट फास्टिंग म्हणजे ठरावीक अंतराने केलेला उपास. इतर आहार-पद्धती काय खायचं ते सांगतात. ही पद्धत कधी खायचं ते सांगते. तिचे मुख्य प्रकार असे:

१) सोळा-आठ: दिवसातले १६ तास काही खायचं नाही, उरलेल्या ८ तासांत जेवायचं. पाणी चालतं.

२) पाच-दोन: आठवड्यातले पाच दिवस नेहमीचं जेवण आणि दोन दिवस अगदी थोडं, साधारण ५०० ते ६०० किलोकॅलरी.

३) एक दिवसाआड: एक दिवस जेवण, दुसऱ्या दिवशी उपास किंवा नाममात्र खाणं.

आपल्याला ही कल्पना नवीन नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत न जेवणारी माणसं आपल्या घरोघरी आहेत. जैन कुटुंबांत सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम पाळतात. रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही घेत नाहीत. अलीकडे महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रचार केला आणि तो गावोगावी पोचला. मी फोनवर आईला मोठ्या उत्साहाने सोळा-आठ समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अरे, चाळीस वर्षं मी चतुर्थी धरते. मला नाही कुणी टाळ्या वाजवल्या!"

फरक एवढाच, की व्रतामागे श्रद्धा असते आणि इथे हेतू वजन आणि आरोग्याचा आहे. तेव्हा तो हेतू साधतो का, हे तपासणं आपलं काम आहे.

शरीरातलं रेशन

जेवण थांबल्यावर शरीर कशावर चालतं? आपल्या भाषेत समजून घेऊ. शरीराकडे रेशनचे तीन साठे असतात.

पहिला साठा यकृतात. इथे ग्लायकोजेनच्या रूपात सुमारे १०० ग्रॅम साखर साठवलेली असते. हा युनिटचा रेशन स्टोअर समजा. रक्तातली साखर कमी होऊ लागली की इथून पुरवठा होतो. त्यावर सगळ्यात मोठा हक्क मेंदूचा, कारण त्याला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं.

दुसरा साठा स्नायूंत, सुमारे ४०० ग्रॅम. हा जवानाच्या पाठीवरच्या पिट्टूसारखा. ज्याचा त्यानेच वापरायचा. मांडीच्या स्नायूतलं ग्लायकोजेन सुटून रक्तात येत नाही, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम स्नायूंत नसतं. जोरात धावताना मात्र हाच साठा कामाला येतो.

तिसरा साठा चरबीचा. हा बेस डेपो. पंचाहत्तर किलोच्या माणसात अकरा किलो चरबी धरली, तरी तिथे ऐंशी हजारांहून जास्त किलोकॅलरी पडून असतात. पण डेपोतून माल पुढे यायला वेळ लागतो.

जेवल्यावर इन्सुलिन वाढतं आणि साठवण चालू होते. काही तासांनी ते उतरतं, तसं यकृत आपला साठा सोडू लागतं. बारा तासांच्या पुढे हा साठा बराच खाली येतो आणि चरबीचा वापर वाढत जातो. चरबीपासून यकृत कीटोन नावाचे पदार्थ बनवतं. उपास लांबला तर मेंदू त्यांवरही काही प्रमाणात चालतो.

इथे एक अडचण आहे. चरबीतल्या मेदाम्लांपासून शरीराला ग्लुकोज बनवता येत नाही. ग्लुकोजची गरज भागवण्यासाठी ते इतर मार्गांबरोबर प्रथिनांतली अमिनो आम्लंही वापरतं. जो माणूस प्रथिनं पुरेशी खात नाही आणि वर कसून व्यायाम करतो, त्याला हा सौदा स्नायूंच्या बदल्यात पडू शकतो.

आता आपल्या कॅडेटचा दिवस बघा. दुपारी दोनला जेवण. संध्याकाळी गेम्सच्या तासाला दीड तास बास्केटबॉल, म्हणजे पायांच्या स्नायूंतला साठा खर्च झाला. तो भरून काढायची वेळ रात्रीच्या जेवणाची, ते जेवण झालं नाही. रात्रभर यकृताचा साठा ओसरला. पाणी आधीच कमी. आणि सकाळी सहाला तीन किलोमीटर धाव. डॉक्टर म्हणाले, "साखर फारशी खाली गेलेली नाही. पाणी आणि मीठ कमी पडलंय, म्हणून उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतोय. रिकाम्या टाकीवर गाडी पळवली याने."

काटा खाली येतो तो कशामुळे?

पहिल्या आठवड्यात त्या मुलाचं वजन दीड किलोने उतरलं होतं. त्याला वाटलं, चरबी गेली. यातलं गणित करून पाहा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. दीड किलो म्हणजे साडेअकरा हजार. एका आठवड्यात एवढी तूट पडायला त्याला जवळजवळ निम्मं जेवण रोज सोडावं लागलं असतं.

मग गेलं काय? पाणी. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवलेलं असतं. साठा रिकामा झाला की ते पाणीही जातं. दोन वेळा नीट जेवलं की परत येतं. म्हणून पहिल्या आठवड्याच्या काट्यावर आनंद मानू नये.

संशोधन काय सांगतं?

या पद्धतीला जोर आला तो २०१२ साली अमेरिकेतल्या साल्क संस्थेत डॉ. सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगामुळे. तेवढंच चरबीयुक्त अन्न ठरावीक तासांतच मिळालेले उंदीर, दिवसभर खाणाऱ्या उंदरांपेक्षा सडपातळ राहिले. पण उंदराच्या आठ तासांवरून माणसाचा हिशेब थेट मांडता येत नाही.

माणसांवरचे दोन अभ्यास लक्षात ठेवा. २०२० साली सॅन फ्रान्सिस्को इथे जादा वजनाच्या ११६ प्रौढांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खाल्लं, दुसऱ्याने नेहमीसारखं तीन वेळा. पहिल्या गटाचं वजन सरासरी सुमारे ०.९ किलो उतरलं आणि दुसऱ्याचं सुमारे ०.७ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. शिवाय ज्या उपास करणाऱ्यांची शरीररचना मोजली, त्यांच्या घटलेल्या वजनात चरबी कमी आणि स्नायूंसह इतर भाग जास्त निघाला.

दुसरा अभ्यास चीनमधल्या ग्वांगझूचा, २०२२ साली प्रसिद्ध झालेला. १३९ लठ्ठ व्यक्ती, पूर्ण एक वर्ष. दोन्ही गटांना कमी कॅलरींचा सारखाच आहार. एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच घेतला, दुसऱ्याला वेळेचं बंधन नव्हतं. पहिल्याचं वजन सरासरी ८ किलोने आणि दुसऱ्याचं ६.३ किलोने घटलं. दोघांतला हा फरकही संशोधकांच्या कसोटीला उतरला नाही.

यातून निघतं ते असं: प्रौढ माणसाचं वजन या पद्धतीने उतरू शकतं, पण उतरतं ते मुख्यतः कमी खाल्ल्याने. घड्याळ हे कमी खाण्याचं एक साधन आहे. काहींना ते सोयीचं पडतं, काहींना नाही.

ऑटोफॅजीचं नावही तुम्ही ऐकलं असेल. पेशी आपल्यातला निकामी भाग स्वतःच मोडून पुन्हा वापरतात, त्या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. तिच्या अभ्यासासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. पण त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर होते. तेवढ्यावरून "सोळा तास उपाशी राहा, नोबेलवाल्यांनी सांगितलंय" असं म्हणणं चुकीचं आहे.

छत्तीस माणसांचा धडा

सैनिकी शाळेतल्या प्रत्येकाला माहीत असावा असा एक जुना प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात लाखो लोक उपासमारीत होते. त्यांना परत कसं पोसायचं, हे कळण्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवक निवडले. हे तरुण विवेकाच्या कारणाने शस्त्र हाती घ्यायला नकार देणारे होते, पण या कामासाठी स्वतःचं शरीर द्यायला तयार झाले.

१९४५ साली २४ आठवडे त्यांना साधारण निम्म्या अन्नावर ठेवलं आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायला लावलं. त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने घटलं. पण काट्यापेक्षा मनाची नोंद बोलकी आहे. ते सतत थंडीने कुडकुडत, चिडत, एकटे राहू पाहत, कामावर लक्ष लागत नसे. दिवसभर डोक्यात फक्त अन्न. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना सावरायला बरेच महिने लागले.

सोळा-आठ म्हणजे असली उपासमार नव्हे, हे खरं. पण लपूनछपून रात्रीचं जेवण सोडणारा, पाणी तोडणारा आणि रोज पीटी, परेड, गेम्स करणारा मुलगा त्याच रस्त्याने चाललेला असतो. त्या कॅडेटच्या वर्गशिक्षिकेने नंतर मला सांगितलं, की महिनाभर तो शेवटच्या बाकावर पेंगत होता आणि गणिताच्या चाचणीत पहिल्यांदाच मागे पडला होता.

तुमचं शरीर वेगळं का?

आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यानुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ३,३२० किलोकॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्याच वयाच्या मुलीला सुमारे २,५०० किलोकॅलरी आणि ४६ ग्रॅम प्रथिनं. माझ्यासारख्या बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २,११० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे तुमची गरज माझ्या दीडपट आहे. मला जादा अन्न टाळायचं आहे, तुम्हाला हाडं, स्नायू आणि रक्त घडवायचं आहे. माझा नियम तुम्हाला लावणं म्हणजे रिक्रूटला पेन्शनरचं टाइमटेबल देणं.

म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी वजनासाठी असे उपास करू नयेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मुळात वजन कमी असलेले, आणि ज्यांना खाण्याबद्दल सतत अपराधी वाटतं, खाऊन ओकायची इच्छा होते असे, यांनीही डॉक्टरांशिवाय या वाटेला जाऊ नये. घरी सुट्टीत आई-बाबा किंवा आजोबा असा उपास करत असतील आणि मधुमेहाची गोळी घेत असतील, तर हा मुद्दा त्यांना आवर्जून सांगा.

धार्मिक उपास हा वेगळा विषय आहे. रोजा, नवरात्र किंवा एकादशी धरणाऱ्या कॅडेटने हाऊस मास्टरला आधी सांगावं, म्हणजे पीटी आणि जेवणाची वेळ जुळवता येते.

माझा स्वतःचा हिशेब

मी सेहेचाळीस वर्षांचा. वजन ८४ किलो, तपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. पहिला महिना फसला. दुपारी बाराला उपास सुटला, की मी तुटून पडायचो. मेसच्या पुऱ्या, वर गोड. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, ती गत. सुरुवातीचं पाणी सोडलं तर वजन हललं नाही.

मग वहीत लिहू लागलो. दिवसाचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे १६० किलोकॅलरी नुसत्या साखरेच्या. रात्री पेपर तपासताना फरसाण आणि बिस्किटं, ती तर मोजतच नव्हतो. हे दोन्ही बंद केलं, तेव्हा काटा उतरू लागला. तीन महिन्यांत ७९ किलो. घड्याळाने मला कुंपण घालून दिलं, पण काम झालं ते ताट बदलल्याने.

वजन खरंच जास्त असेल तर

१) आधी एमआय रूममध्ये जा. उंची आणि वयाप्रमाणे खरंच जास्त आहे का, ते डॉक्टर ठरवतील. आरसा आणि मित्र ठरवणार नाहीत.

२) वेळ हातात ठेवा. तीन किलो चरबी म्हणजे २३,१०० किलोकॅलरी. साठ दिवसांत भागल्या तर रोजच्या ३८५. कॅन्टीनमधला एक समोसा अंदाजे २५० आणि ३०० मिलिलिटरची गोड थंड पेयाची बाटली सुमारे १३०. झाले ३८०. हिशेब ढोबळ आहे, शरीर इतकं काटेकोर चालत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

३) पीटीनंतरचा नाश्ता कधीही सोडू नका. अंडी, दूध, मोड आलेली कडधान्यं, केळं आधी घ्या. पुरी-पराठा त्यानंतर.

४) डाळ आणि भाजी दुसऱ्यांदा घ्या, भात आणि गोड एकदाच.

५) पाणी कधीच तोडू नका. बॉक्सिंगच्या वजनगटासाठी घाम गाळून वजन उतरवणं धोक्याचं आहे. वरच्या गटात खेळा.

६) लाइट्स आउटनंतर झोपा. अपुरी झोप भूक वाढवते.

७) वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वेळी, त्याच काट्यावर करा आणि वहीत लिहा.

तो कॅडेट हे आठ आठवडे पाळत होता. दर रविवारी वही घेऊन यायचा. अडीच किलो उतरलं. जास्त महत्त्वाचं म्हणजे क्रॉस-कंट्रीत हाऊससाठी धावला आणि शेवटपर्यंत धावला.

आणि मी? डॉक्टरांना विचारून माझ्या खाण्याच्या वेळा बदलल्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आता नाश्त्याला मी तुमच्याबरोबर बसतो, ताट घेऊन. रात्रीच्या मेसमध्ये मी जेवत नाही, पण टेबलांमधून फिरतो आणि कुणाचं ताट न खाता शेजारी सरकतं आहे का, ते बघतो. अडचण असेल तर सरळ सांगा. रागावणार नाही. यात पहिली चूक माझी होती.

विचार करा

१) स्नायूंत ग्लायकोजेन शिल्लक असूनही रक्तातली साखर त्यातून का वाढत नाही?

२) पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन दोन दिवसांत परत का येतं?

३) आपल्या मेसचा एक आठवड्याचा मेनू लिहा. प्रत्येक दिवशी प्रथिनं कोणत्या पदार्थांतून मिळतात, ते शोधा.

४) ग्वांगझूच्या अभ्यासात दोन्ही गटांना सारख्याच कॅलरींचा आहार का दिला असेल?